आईचं अजून संपलेलं नाही

सोमवार, ५ ऑगस्ट

दुरुस्ती. शनिवारच्या नोंदीत मी लिहिलं आहे की बियाण्यांच्या दुकानात मला चक्कर आली. ते बरोबर नाही. चक्कर आलेली माणसं पडतात. मी पडले नाही. मी कोंबड्यांच्या खाद्याच्या पोत्यांवर बसले, आणि बसण्याआधी पोतं फाटलेलं नाही ना, हेही पाहिलं. मला फक्त श्वास घेता येत नव्हता. 'चक्कर' हा शब्द आईने वापरला, म्हणून मी तो लिहिला. आईचा शब्द बहुतेक वेळा माझ्यापेक्षा चांगला असतो.

घडलं ते असं. गल्ल्यावरच्या झिलस्ट्रा बाईंनी विचारलं, "काय गं तिर्झा, यंदा काय करणार?" साधा प्रश्न. त्या सगळ्यांनाच विचारतात. मी म्हटलं, "मी..." आणि पुढे काही आलंच नाही. शब्दही नाही, हवाही नाही.

उत्तर मला माहीत आहे. ते इथे लिहून ठेवते, म्हणजे निदान कागदावर तरी असेल. मला यापुढे चौघा धाकट्या भावंडांना घरी शिकवायचं नाही. मला जानेवारीपासून दात साफ करण्याचं काम शिकायला कॉलेजात जायचं आहे. त्यांनी जागा देऊ केली आहे. हो की नाही ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत कळवायचं. (त्या कामात समोरचा माणूस तोंड उघडं ठेवून बसतो आणि बोलू शकत नाही. मला हे फार आवडतं. अर्जात मी हे कारण दिलं नाही.) घरी अजून सांगितलेलं नाही. सांगायला जाते, आणि दुकानात झालं तसंच होतं.

आज दवाखान्यात नर्सने छातीला तारा लावून पाहिल्या. म्हणाली, "हृदय उत्तम आहे तुमचं. तुम्ही कोणाशी तरी बोलायला हवं."

"आमच्या घरी नऊ माणसं आहेत," मी म्हटलं.

"त्यांच्याशी नको. थेरपिस्टशी बोला. एकट्याने. एकट्याने." 'एकट्याने' हा शब्द तिने दोनदा का उच्चारला, ते कळलं नाही. मला पहिल्याच वेळी ऐकू आला होता. आपल्या गावात तिघं आहेत म्हणाली.

गुरुवार, ८ ऑगस्ट

तिघांपैकी पहिल्या मार्लिस टेन हाकन. खाटकाच्या दुकानावर त्यांची खोली आहे. धान्याच्या कोठीमागे जाऊन फोन केला.

"येण्याआधी कुठली पुस्तकं वाचून येऊ?"

"पुस्तकं? काही नको."

"मग तयारी काय करायची?"

"तयारीही नको. तुम्ही फक्त या."

मला हे जरा निष्काळजीपणाचं वाटलं. शेवटी परीक्षा असते का, विचारलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, आजवर त्यांनी कोणाला नापास केलेलं नाही. याचा अर्थ परीक्षा असते पण सोपी असते, असा मी घेतला. मंगळवारची वेळ दिली.

रात्री भांडी पुसताना आईला सांगितलं.

आमच्या घरात आई आधी वाचते. हे नियम म्हणून कोणी भिंतीवर लिहिलेलं नाही, पण आम्ही सातही भावंडं शाळेत न जाता स्वयंपाकघरातल्या टेबलावरच शिकलो आणि त्या टेबलावर आलेलं प्रत्येक पुस्तक आधी आईच्या हातून गेलं. पहिल्या पानावर हिरव्या पेन्सिलीने 'वाचलं. चालेल.' असं लिहिलेलं असायचं. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात परागीभवनाची दोन पानं तिने टाचण्यांनी बंद केली होती. माझा भाऊ एज्रा आणि मी अजूनही फुलं पाहिली की थोडे अवघडतो. रसायनांची पेटी आली तेव्हा तीही तिने आधी 'वाचली'. भिंतीवरचा डाग अजून आहे.

तेव्हा ती म्हणाली, "अगं, मग मंगळवारी मी जाऊन येते ना आधी. बघते कशी बाई आहे. तुला असं कोणाच्याही हातात कसं देऊ?"

मला पटलं. एकदम हलकं वाटलं. जमायमा (बहीण, वय अठरा, आमच्या घरातली एकटीच फटकळ) चमचे पुसत होती. ती म्हणाली, "तिर्झा, तू चोवीस वर्षांची आहेस." मी म्हटलं, त्याचा इथे काय संबंध?

मंगळवार, १३ ऑगस्ट

आईबरोबर गेले. ती वर गेली, मी गाडीत बसून मक्याची कणसं सोलली. सगळी सोलून झाली तरी ती खाली येईना. मग कणसांचे रेशमी केस वेगळे करत बसले.

आली तेव्हा डोळे लाल. नाक पुसलेलं. मी घाबरले. "कशी आहे बाई?"

"बरी वाटते," ती म्हणाली. बराच वेळ गाडी सुरू केली नाही. मग म्हणाली, "तिने मला एक प्रश्न विचारला. मला आजवर कोणी असा प्रश्न विचारला नव्हता." कुठला, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. विचारायला हवं होतं का?

घराजवळ आल्यावर तिचा आवाज पुन्हा नेहमीसारखा झाला. "एका भेटीत काही सांगता येत नाही, बाळा. पहिली चार पानं वाचून पुस्तक कसं कळणार? पुढच्या मंगळवारी पुन्हा जाते."

गुरुवार, २२ ऑगस्ट

आई तीन वेळा जाऊन आली. मधल्या शुक्रवारी एकदा जादाची गेली, कारण तिला 'तातडीचं' वाटलं.

आज मार्लिसबाईंचा फोन आला. फार गोड बोलल्या. "तिर्झा, मला वाईट वाटतं, पण मला तुम्हाला घेता येणार नाही. कारण मी सांगू शकत नाही. तुमच्या आई सांगू शकतील." एका घरातली दोन माणसं त्या वेगवेगळी घेत नाहीत म्हणे.

आईला विचारलं. ती पाव भाजत होती. हात थांबला.

"अगं, माझं अजून संपलेलं नाही. अर्ध्यात कसं देऊ तुला?"

"संपल्यावर मिळेल?"

"बघू ना. पण तिर्झा, मी तुला एक सांगू? हे मला जरा दडपण आणणारं वाटतंय. मला माझी मोकळीक लागते. हे मी आत्ता तुला शांतपणे सांगतेय, बघ." आणि तिने छातीवर हात ठेवून शांतपणे श्वास आत घेतला, बाहेर सोडला. फार छान घेतला. मी पाहतच राहिले. मला नेमकं हेच जमत नाही.

मी तिची क्षमा मागितली. तिने केली.

मंगळवार, २७ ऑगस्ट

दुसरे डॉ. वेंडेल ब्रौवर. पूर्वी पास्टर होते, आता समुपदेशन करतात. या वेळी मी घरी सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पण बाबांनी जेवताना विचारलं, "मग काय, तुझ्या त्या डोक्याच्या डॉक्टरचं काय झालं?" आणि सरळ विचारलेल्या प्रश्नाला मला खोटं उत्तर देता येत नाही.

बाबा डुकरांच्या शेडना पंखे बसवतात. त्यांच्या मते जगातल्या बहुतेक अडचणी हवा खेळती नसल्यामुळे होतात. माझ्या बाबतीत ते अगदी चूकही नाहीत. म्हणाले, "वेंडेल मला ओळखतो. मी आधी जाऊन बघतो, माझ्या पोरीला काय काय विचारणार आहे ते. त्याच्या खोलीतला पंखाही खडखडतो म्हणतात. एका फेरीत दोन कामं."

हत्यारांची पेटी घेऊन गेले. दूध काढायची वेळ उलटून गेली तेव्हा परत आले. पेटी उघडलेलीच नव्हती.

"पंखा झाला?" आईने विचारलं.

"कुठला पंखा?" बाबा म्हणाले. मग खुर्चीवर बसून बूट न काढता म्हणाले, "लोर्ना, माझ्या बापाने माझा घोडा विकला होता. मी शाळेतून आलो, तर घोडा नाही. मी नऊ वर्षांचा होतो."

बाबांचा कधी घोडा होता हेच आम्हाला माहीत नव्हतं.

नंतर त्यांनी मला मिठी मारली. आमच्याकडे मिठी अंत्यविधीला मारतात. मी विचारलं, कोण गेलं?

शनिवार, ३१ ऑगस्ट

बाबा आता सगळ्यांना मिठ्या मारतात. कुत्रा शेडमध्येच राहायला गेला आहे. डॉ. ब्रौवर यांचा निरोप आला, मला घेता येणार नाही. जमायमा म्हणाली, "आता मांजरीलाही कोणीतरी शोधून दे, म्हणजे तू सुटलीस."

मी हसले. मग दिवसभर वाटत राहिलं, आपण बाबांच्या घोड्यावर हसलो की काय. घोड्यावर हसले नव्हते. मांजरीवर हसले. नोंद करून ठेवते.

मंगळवार, ३ सप्टेंबर

शाळा सुरू झाली. म्हणजे टेबल सुरू झालं. यंदा आई सकाळी पहिले दोन तास घेणार होती, पण मार्लिसबाईंनी तिला सांगितलं आहे की सकाळ तिची स्वतःची असायला हवी. त्यामुळे आई सकाळी एकटी चालायला जाते. आल्यावर फार प्रसन्न असते. चौघांना मीच घेते: ओबेदचं वाचन, फीबीचे अपूर्णांक, जुळ्यांचं लॅटिन.

"तुला चालेल ना गं?" आई बूट घालताना म्हणाली.

मी म्हटलं, "मी..."

"छान," ती म्हणाली आणि गेली.

नंतर मी तळघरात जाऊन लोणच्याच्या बरण्यांसमोर उभी राहिले, श्वास परत येईपर्यंत. वर ओबेद ओरडत होता की मांजरीने त्याचं वाक्य खाल्लं.

मंगळवार, १० सप्टेंबर

तिसरा ब्राइस. आमच्यापेक्षा फार मोठा नाही. हाडवैद्याच्या खोल्यांमागे बसतो. घरी खरंच कोणाला सांगितलं नाही. कोणी विचारलं असतं तर सांगितलं असतं, म्हणून जेवताना सतत तोंडात घास ठेवला.

फोनवर तो अगदी मोकळा होता. जागा आहे म्हणाला, गुरुवारी या म्हणाला. मग, "आडनाव?"

"होकस्ट्रा."

"पंखेवाले होकस्ट्रा?"

"हो."

"मग मला जमणार नाही. कारण सांगता येत नाही. माफ करा हं."

आईला विचारलं, तू ब्राइसकडे गेली होतीस का? ती म्हणाली, "कोण ब्राइस?" बाबांना विचारलं. त्यांनी नाही म्हटलं आणि मिठी मारली. म्हणजे कारण माझ्यातच असणार. मी फोनवर काय बोलले ते पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं. 'जागा आहे का' असं विचारलं, ते उद्धट झालं का? आधी 'नमस्कार' म्हणायला विसरले का?

एज्राला विचारायचं होतं, पण तो घरी नव्हता. मंगळवारी तो गाडीचं तेल बदलायला जातो. गेलं वर्षभर दर मंगळवारी जातो. इतकी निगा राखणारा मुलगा मी पाहिलेला नाही. आणि अलीकडे तो किती शांत झालाय! पूर्वी दारं आपटायचा.

रविवार, १५ सप्टेंबर

आज चर्चमध्ये पास्टरनी प्रार्थनेच्या विनंत्या वाचल्या. एका शेतकऱ्याचा गुडघा, पावसाचं प्रमाण, आणि 'आपल्या तिर्झा होकस्ट्राला योग्य समुपदेशक मिळावा'. ही विनंती आईने दिली होती. प्रेमाने दिली होती, यात मला शंका नाही.

नंतरच्या सामुदायिक जेवणात मी हॅमचे पाव वाढायला उभी होते. रांगेतल्या प्रत्येकाने पाव घेतला आणि सल्ला दिला.

झिलस्ट्रा बाई म्हणाल्या, "तुझ्या वयात मला चिंता नव्हत्या गं. कोंबड्या होत्या."

एक आजोबा म्हणाले, "मॅग्नेशियम."

मार्लिसबाईही रांगेत होत्या. माझ्याकडे पाहिलं, हळूच हसल्या आणि पाव न घेताच पुढे गेल्या. मला त्यांची दया आली. या गावात त्यांना जेवतानाही सगळ्यांचं सगळं माहीत असतं. मी पाव त्यांच्या टेबलावर नेऊन दिला. आईने ते पाहिलं. गाडीत म्हणाली, "माझ्या थेरपिस्टशी तू बोललेलं मला नको आहे, बाळा. सीमारेषा."

दुपारी कुटुंबाची बैठक. दर रविवारी असते. मुद्दे आई हिरव्या पेन्सिलीने लिहून आणते. पहिला मुद्दा मी.

"मी विचार केलाय," आई म्हणाली. ती खरंच तजेलदार दिसत होती. "आपण गणित बाहेर शिकवलं? लॅटिन बाहेर शिकवलं? मग हेच बाहेर कशाला? मार्लिस काय करते ते मला आता बऱ्यापैकी कळलंय. तिर्झाचं समुपदेशन आपण घरीच करू."

बाबांनी टाळ्या वाजवल्या. एज्रा छताकडे बघत होता. जमायमा म्हणाली, "आई, असं करता येत नाही."

"का नाही? हाडं मोडली तर मी डॉक्टरकडे नेते. हे बोलणं आहे. बोलणं मला येतं."

बोलणं तिला येतं, हे खरं आहे.

दुसरा मुद्दा: चौघांना शिकवणं पुढेही तिर्झाच बघेल, ओबेदचं शिक्षण पूर्ण होईपर्यंत. ओबेद सहा वर्षांचा आहे. मी हिशेब केला नाही. 'मंजूर?' आईने विचारलं. सगळ्यांचे हात वर गेले. माझाही गेला. मी तो खाली घ्यायचा प्रयत्न केला, पण तोवर आईने 'एकमताने' असं लिहून टाकलं होतं.

गुरुवार, १९ सप्टेंबर

पहिला तास झाला. आईने अभ्यासक्रम केला आहे. वरती सुबक अक्षरात 'समुपदेशन : पहिलं वर्ष'. टेबलावर कागदी रुमालांचा नवा डबा. चुलीवर बीन्स उकळत होते म्हणून ती उभीच होती.

"हं. तुला काय होतं, ते तुझ्या शब्दांत सांग."

"श्वास अडकतो."

"कधी?"

"काही सांगायचं असलं की."

"काय सांगायचं असलं की?" तिने झाकण काढून ढवळलं. पाठ माझ्याकडे होती. मला वाटलं, पाठीला सांगता येईल कदाचित. मी टेबलाची कड धरली.

"आई, मला यंदा..."

ती वळली. "आणि हे तुला आईमुळे होतंय, असं वाटतं का तुला?"

"नाही, पण..."

"छान. हे सगळ्यात अवघड असतं, आणि ते आपण पहिल्याच तासात ओलांडलं." तिने कागदावर बरोबरची खूण केली. मग हातातला पळा तसाच धरून बसली आणि म्हणाली, "मार्लिस म्हणते मी बावीस वर्षांची असताना थांबले. मला नकाशे काढायला जायचं होतं. तुला माहीत होतं हे? नकाशे. एका कचेरीत जागाही मिळत होती. मग तू झालीस." तिचे डोळे भरले. मी रुमालांचा डबा तिच्याकडे सरकवला. ती बराच वेळ रडली. मी तिचा हात धरून बसले, आणि हे खोटं नाही, मला त्या बावीस वर्षांच्या मुलीचं फार वाईट वाटलं. मग मला आठवलं की तास माझा आहे. मग असं आठवल्याची लाज वाटली. बीन्स खाली लागले.

"किती मोकळं वाटलं गं," आई शेवटी म्हणाली आणि उठली. "बघ, घरी किती छान होतं."

मला या तासात दहापैकी नऊ मिळाले. एक गुण 'मुद्द्याला उशिरा येते' म्हणून कापला.

मंगळवार, २४ सप्टेंबर

दुसरा तास. आजचा विषय : राग. मला येत नाही असं मी सांगितलं. आई म्हणाली, तिला येतो, आणि तो सांगितला. बहुतेक तिच्या बहिणीबद्दल होता. दहापैकी आठ.

तासानंतर अंगणात एज्राच्या गाडीशी गेले. तो खिडकीची काच पुसत होता.

"ए तिर्झा, गावाबाहेर का नाही शोधत?" त्याने काचेकडेच बघत विचारलं.

"स्थानिकच हवा ना. नर्स म्हणाली, जवळ असला की माणूस नियमित जातो."

"जवळ असला की आपलं अख्खं घर नियमित जातं." त्याने खिशातून नंबर लिहिलेली चिठ्ठी काढून दिली. "तिकडे शहरात, सू सिटीत, एक बाई आहे. पॅट्रिस लोमॅक्स. आपल्या चर्चची नाही, कोणाची मावशी नाही. फोनवर बाकीचं घराणं नको सांगूस. आणि जेवताना विचारलं तर पाणी पी."

"तुला कुठून कळलं?"

"तेल बदलणारा म्हणाला."

मी म्हटलं, तेल बदलणाऱ्याला थेरपिस्टबद्दल बरीच माहिती दिसते. एज्रा म्हणाला, "खूप चांगला माणूस आहे. पण तो एकच गाडी घेतो एका घरातली." आणि त्याचे कान लाल झाले.

मी आता हे लिहिते आहे आणि ब्राइसची आठवण होते आहे. 'कारण सांगता येत नाही.' अरे देवा. मी एज्राला पंधरवडाभर तेलाबद्दल शाबासकी देत होते.

काही विचारणार नाही. त्याला आमच्या घरात एक गोष्ट स्वतःची मिळाली आहे. राहू दे.

गुरुवार, २६ सप्टेंबर

फोन केला. पॅट्रिसबाईंचा आवाज जाड आणि सावकाश आहे.

"कोण येणार?"

"मी."

"आणखी कोणी?"

"नाही."

मी थांबले. त्याही थांबल्या. मला श्वास येत होता. हे फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं, तेव्हा नाही.

सवयीने विचारलं, आधी काय वाचून येऊ? त्या म्हणाल्या, "जे कोणाला सांगता येत नाही ते घेऊन या. पाठ केलेलं नसलं तरी चालेल."

त्यांच्याकडे दोनच वेळा रिकाम्या. एक शुक्रवार नोव्हेंबरात. तो घरी सगळ्यांना सोयीचा आहे. आई घरी, बाबा घरी, टेबलाला सुट्टी. पण तोपर्यंत कॉलेजची जागा गेलेली असेल. दुसरी येत्या मंगळवारी सकाळी. मंगळवारी सकाळी आई मार्लिसबाईंकडे असते, बाबा शेडवर, जमायमा बेकरीत कामाला, आणि चौघं माझ्याकडे. म्हणजे मी गेले तर आईला जाता येणार नाही.

"कुठली देऊ?" त्यांनी विचारलं.

आई मार्लिसबाईंकडून आल्यावर गुणगुणते. तिच्या आवाजात गाणं आहे हे मला पूर्वी माहीत नव्हतं. तिचा तास मी कसा घेणार? तिच्याआधी माझं, असं झालं की...

मी मंगळवार म्हटलं.

शनिवार, २८ सप्टेंबर

दोन दिवस अंगात ताप असल्यासारखं वाटतंय. ताप नाही, पाहिला.

सगळे मार्ग तपासले. जमायमाला सुट्टी मागते का विचारलं. ती म्हणाली, "मागेन. पण मग आईला सांगायची गरजच उरणार नाही तुला. मला वाटतं तू तीच गोष्ट सोडवायला निघालीयस." मी तिला म्हटलं, तू थेरपिस्ट हो. ती म्हणाली, "नको बाई, आपल्या घरात मग रांग लागेल."

चौघांना शेजारी सोडता येईल. पण शेजारी म्हणजे झिलस्ट्रा बाई. त्या विचारणार, काय गं, कुठे निघालीस? आणि मी सांगणार.

चिठ्ठी लिहून ठेवायचा विचार केला. लिहिलीही. 'प्रिय आई, मी आज सकाळी घरी नाही.' मग वाटलं, आई ती हिरव्या पेन्सिलीने दुरुस्त करून टेबलावर ठेवेल, आणि परत आल्यावर मी ती सुवाच्य अक्षरात पुन्हा लिहीन. फाडून टाकली.

एज्राने गाडीची चावी माझ्या कोटाच्या खिशात टाकून ठेवली आहे. काही बोलला नाही. तो मंगळवारी कोणाची तरी गाडी मागून घेईल.

रविवार, २९ सप्टेंबर

बैठक झाली. आज मुद्दा मी नव्हते, सांडपाण्याची टाकी होती. 'आणखी काही?' असं आईने शेवटी विचारलं. नेहमीच विचारते. मी हात वर केला. तो गेल्या वेळेसारखा आपोआप गेला नाही, मला उचलावा लागला.

"बोल," आई म्हणाली.

श्वास अडकला. सगळे पाहत होते. बाबा मिठी मारायला उठायच्या बेतात होते. आईने छातीवर हात ठेवून मला कसा घ्यायचा ते दाखवलं, आत, बाहेर, आत, बाहेर. एवढ्या प्रेमाने दाखवलं की मला अजूनच येईना. शेवटी ती म्हणाली, "असू दे बाळा. आपण मंगळवारच्या तासात घेऊ हे. दुपारी."

आणि आपल्या कागदावर लिहिलं : 'तिर्झा, मंगळवार.'

रात्री खोलीत बसून मी त्यावर विचार केला. आईला वाटतं मला वाक्य येत नाही. वाक्य येतं. लांब आहे, म्हणून अडकतं. मी पहिल्यापासून सगळं एकदम सांगायला जाते : कॉलेज, जानेवारी, ओबेद, बारा वर्षं, तिचे नकाशे, आणि तिला वाईट वाटू नये म्हणून वर आणखी तीन वाक्यं. एवढी हवा कोणाकडे असते? मंगळवारी फक्त पहिलं सांगायचं. 'आई, आज सकाळी मुलं तुझ्याकडे.' तिला मार्लिसबाईंना फोन करून तास पुढे ढकलावा लागेल. ती रडेल. रुमालांचा डबा टेबलावर आहे, तिचा हात पोहोचेल तिथे. मी थांबणार नाही. बाकीचं सू सिटीहून आल्यावर, आणि कॉलेजचं उत्तर त्याच आठवड्यात.

गादीत तोंड खुपसून वाक्य म्हणून पाहिलं. मग तोंड वर करून म्हटलं. मग उभं राहून, दार उघडं ठेवून. जिन्यावरून जमायमाने विचारलं, "कोणाशी बोलतेस?"

मी म्हटलं, "कोणाशी नाही अजून."

मंगळवार, १ ऑक्टोबर. ओट्स वाढून झाल्यावर, आई बूट घालायला बसेल तेव्हा.